नव्याण्णव

सावद्याला केळी ग्रुपच्या ऑफिसात
रात्री साडेआठनंतर कॉम्प्युटर माझा.
दिवसभर त्याच्यात वजनं, रास भाव, गाडीनंबर.
रात्री कुंदाताई.

तिचा अल्बम उधन्याच्या घरातून गेला.
लोखंडी कपाटाच्या खालच्या कप्प्यात होता,
शालूच्याही खाली, जपून.
तापी आली आणि तिनं खालचाच कप्पा आधी उघडला.
आपलीच तापी. हतनूरवरून गेलेली.
आई म्हणाली, माहेरचं पाणी असं भेटायला जातं का कुठं?

मग मी गावोगाव फिरलो,
फैजपूर, न्हावी, चिनावल, बामणोद.
मामांच्या भिंतीवरून उतरवले, मावशीच्या गादीखालून काढले.
भालोदच्या फिरक्यांच्या लग्नातला तर
ताई अर्धीच आलेला:
नुसता हात, आणि वांग्याच्या भाजीची बादली.
बांगड्यांवरून ओळखली.
स्कॅन करून मोजले. एकशे त्रेसष्ट.

सॉफ्टवेअर म्हणतं, नव्याण्णव.
तबकडी निम्म्याहून रिकामी,
तरी शंभरावा आत घेत नाही.
स्टुडिओवाल्या हेमराजला फोन लावला.
साइज कमी कर, म्हणाला.
केली. चेहरे ज्वारीच्या दाण्यांसारखे सुटे झाले.
तरी नव्याण्णव.
पाचाची तीन सेकंदं कर.
केली. अख्खं लग्न एका जांभईत आटपलं.
तरी नव्याण्णव.

चौसष्ट काढायला बसलो.
हा काढावा, तर कोपऱ्यात दगडूमामा, आता नाहीत.
तो काढावा, तर मागं आमची भिंत, जुन्या निळीची.
हा धूसर आहे,
पण यातच ती हसतेय.
बाकी सगळ्यांत फोटोसाठी हसते.
अकरापर्यंत चारच निघाले.
त्यातले दोन मी परत घातले.

नवाब तडवी पावतीवर सही घ्यायला आला,
हाताला चीक, उभ्याउभ्याच बघत राहिला.
म्हणाला, भाऊ, गाडी भरताना आम्ही घड दाबत नाही.
दाबला का आतून काळा पडतो, दिल्लीला गेल्यावर कळतं.
एकाच्या पाठीला दुसऱ्याचं पोट लावा.
बसतं सगळं.

तसे लावले. एका चौकटीत दोन.
पाटी घेतलेली ताई, आणि तिची लेक, तोच हट्टी भांग.
सायकलवरून पडलेली, आणि सासरी निघालेली:
दोन्हीकडं आईचा हात दंडाला.
अण्णा आणि नथूकाका बांधावरून बोलत नाहीत,
त्यांनाही लावलं शेजारीशेजारी.
मला कोण विचारतंय?

पहाटे तबकडी गरम बाहेर आली, भाकरीसारखी.
सुरत पॅसेंजरनं बोंड्यांचा मुलगा घेऊन गेला.

चौथ्या दिवशी फोन.
काऊन रे भाऊ, इतके काऊन पळवले?
रिमोटनं थांबवू थांबवू पाह्यले.
पाच मिनिटांच्या तबकडीला दुपार लागली म्हणे,
शेजारची गुजराती बाईसुद्धा
आता दगडूमामाला ओळखते.

आणि शेवटचा नुसता काळा आहे रे.

मी गप्प.
जोड्या लावता लावता मोजणीत चुकलो होतो.
एवढी मारामारी करून
एक जागा रिकामीच जळाली होती तबकडीत.

तो मनुदेवीचा असंल ना, ती म्हणाली,
धबधब्यापाशी, तुझं बोट धरेल, माझे डोळे मिटेल?
तो माझ्याच अल्बमात होता फक्त.
दुसरीकडं कुठून भेटंल तुला.
बरं केलं, जागा ठेवली.

हो, म्हणालो.

बाहेर नवाब गाडीवर चढला होता,
वरच्या थरावर केळीची पानं
हातानं सारखी करत.